नवी विंडोज किंवा लिनक्स टाकण्याआधी हार्ड डिस्कची तयारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेठांमधल्या जुन्या वाड्यांपासून कोथरूड-वारज्याच्या सोसायट्यांपर्यंत लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करत मी बरीच वर्षं फिरतो आहे. इन्स्टॉलेशन आता फार सोपं झालंय. पेनड्राइव्ह लावा, चार वेळा नेक्स्ट म्हणा, अर्ध्या-पाऊण तासात नवा डेस्कटॉप समोर येतो. नुकसान होतं ते त्याच्या आधीच्या तासात, आणि ते कळतं आठवड्याने. इथे फक्त त्या आधीच्या तासाबद्दलचे प्रश्न घेतले आहेत.

सुरुवात कुठून करायची?

कागद आणि पेन घेऊन. जुनी सिस्टिम चालू आहे तोवर तिच्यासमोर बसा आणि लिहून काढा: कोणकोणते प्रोग्रॅम वापरता, प्रिंटर-स्कॅनरचं मॉडेल काय, कोणकोणते पासवर्ड ब्राउझरलाच पाठ आहेत आणि तुम्हाला नाहीत. मग स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मशीनमध्ये डिस्क किती, प्रत्येकीचा आकार केवढा, कोणत्या पार्टिशनला (डिस्कच्या भागाला) कोणतं नाव, हे सगळं त्या एका फोटोत येतं. नंतर इन्स्टॉलरच्या निळ्या-पांढऱ्या पडद्यावर नुसते आकडे दिसतात तेव्हा हाच फोटो कामाला येतो.

पुढचा क्रम ठरलेला: बॅकअप, मग डिस्कची तब्येत, मग एन्क्रिप्शन (म्हणजे डेटाला लावलेलं कुलूप), आणि सगळ्यात शेवटी पार्टिशन. तपासताना डिस्क कुरकुरत असल्याचं दिसलं, तर बॅकअप तेवढा लगेच उरकायचा. पार्टिशनला मात्र बॅकअप होईपर्यंत हात लावायचा नाही.

बॅकअपमध्ये नेमकं काय काय घ्यायचं?

बहुतेकांना डॉक्युमेंट्स आणि फोटो आठवतात. राहून जातं ते पुढे सांगतो.

डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइल्स सी ड्राइव्हमध्येच असतात. डाउनलोड्स फोल्डरही तिथलाच. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून स्पर्धा परीक्षेची मुलं लॅपटॉप घेऊन येतात, त्यांच्या दोन-तीन वर्षांच्या सगळ्या नोट्स डाउनलोड्समध्येच पडलेल्या असतात. त्यामुळे फोल्डर निवडत बसण्यापेक्षा सी ड्राइव्हच्या यूजर्स फोल्डरमधलं तुमच्या नावाचं अख्खं फोल्डर उचला. मधलं ॲपडेटा नावाचं फोल्डर लपवलेलं असतं, ते दिसण्यासाठी व्ह्यू मेन्यूतून हिडन आयटम्स चालू करा. ब्राउझरचे बुकमार्क आणि बऱ्याच प्रोग्रॅमची सेटिंग त्यात असतात. सेव्ह केलेले पासवर्ड मात्र ब्राउझरमधूनच बाहेर काढून घ्या किंवा खात्याशी सिंक झालेत ना ते बघा, कारण नुसतं फोल्डर उचलून नव्या सिस्टिमवर ते उघडतीलच असं नाही.

आउटलुक वापरत असाल तर पीएसटी फाइल शोधा, दहा वर्षांची मेल एकाच फाइलमध्ये असते. टॅली असेल तर कंपनीचा बॅकअप टॅलीमधूनच घ्या, डेटा फोल्डरची वेगळी कॉपीही ठेवा, आणि फॉरमॅट करण्याआधी लायसन्स सरेंडर करा. तो परवाना त्या मशीनशी बांधलेला असतो, सरेंडर न करता डिस्क पुसली की तो परत चालू करण्यात अर्धा दिवस जातो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सभासदांची यादी आणि देखभाल शुल्काच्या एक्सेल फाइल्स बघाव्यात. मंडळाचा वर्गणीचा हिशेबही असाच कोणाच्या तरी डेस्कटॉपवर ‘न्यू फोल्डर २’ मध्ये असतो, आणि तो श्रावणातच आठवतो.

कुंडलीचा प्रोग्रॅम असेल तर त्याने साठवलेल्या जन्मवेळांची फाइल बहुधा प्रोग्रॅम फाइल्समध्ये असते. ज्योतिष बघणाऱ्या एका आजोबांच्या शेकडो पत्रिका तिथूनच काढल्या होत्या.

कॉपी झाली की दुसऱ्या मशीनवर ती डिस्क लावा आणि चार-पाच फाइल्स खरोखर उघडून बघा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपला मी बॅकअप धरत नाही.

जुन्या मराठी फाइल्सचं काही वेगळं करावं लागतं का?

हो. हा प्रश्न मला फार कमी लोक विचारतात, आणि मी मात्र तो प्रत्येकाला विचारतो.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे संकेत देणारी पद्धत, रुळण्याआधीची मराठी वेगळ्याच पद्धतीने साठवलेली आहे. फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार दाखवतो. पुण्यात घडलेली श्रीलिपी, सीडॅकचे आयएसएम ही मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर आणि त्यांबरोबरचे सुरेखसारखे फॉन्ट, यांच्यावर इथल्या छपाईच्या धंद्याने अनेक वर्षं काढली. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या डीटीपीच्या (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावण्याच्या) दुकानांमध्ये आजही पेजमेकरमधल्या फाइल्स सापडतात. फाइल जपली आणि फॉन्ट गेला, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग उरते.

सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त सरांच्या मशीनवर मी नवी विंडोज टाकली होती. डॉक्युमेंट्स घेतली, फोटो घेतले, सगळं परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, ‘अरे, फाइल आहे, पण माझी अक्षरं कुठे गेली?’ संत साहित्यावरची त्यांची टिपणं होती, वर्षानुवर्षं स्वतः टाइप केलेली. फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये होता आणि मी तो घेतलाच नव्हता. चूक माझी होती. शेवटी त्यांचं एक पुस्तक छापणाऱ्या प्रेसमधल्या जुन्या सीडीवर तोच फॉन्ट मिळाला, पण त्याला तीन आठवडे लागले, आणि ते तीन आठवडे सर रोज सकाळी फोन करत होते.

म्हणून: विंडोज फोल्डरमधलं अख्खं फॉन्ट्स फोल्डर कॉपी करा. स्वतःच्या खात्यापुरते टाकलेले फॉन्ट ॲपडेटामध्ये असतात, तेही बघा. टायपिंगचा कीबोर्ड लेआउट कोणता होता ते लिहून ठेवा, इनस्क्रिप्ट, टाइपरायटर की फोनेटिक. बोटांची सवय बदलत नाही. काही डीटीपी सॉफ्टवेअरना यूएसबीला लावायचं डोंगल (परवान्याची छोटी किल्ली) लागतं, ते मशीनच्या मागे लावलेलं असतं आणि मशीन हलवताना तिथेच राहतं. शक्य असेल तर जुनी सिस्टिम चालू असतानाच महत्त्वाच्या फाइल्स कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये करून घ्या आणि प्रत्येकीची एक पीडीएफही काढा. कन्व्हर्टर जोडाक्षरांत गडबड करतो, रफारात तर हमखास. पीडीएफ असली की मूळ काय होतं ते ताडून बघता येतं.

माझा सगळा डेटा डी ड्राइव्हवर आहे. मग सी फॉरमॅट केला तर चालेल ना?

कधी चालतं, कधी नाही. सी आणि डी हे बहुतेक मशीनमध्ये एकाच डिस्कचे दोन भाग असतात. एकाच घरात भिंत घालून दोन खोल्या केल्यासारखं. सी पुसून डी तसाच ठेवता येतो, पण पार्टिशन टेबल (पार्टिशनचा नकाशा) बदलायचं ठरलं, चुकून भलत्या ओळीवर डिलीट दाबलं किंवा डिस्कच बिघडली, तर दोन्ही जातात. डी वरच्या कॉपीला बॅकअप समजू नका. बॅकअप वेगळ्या डिस्कवर हवा, आणि काम सुरू असताना ती डिस्क मशीनपासून काढून ठेवलेली हवी.

सगळं क्लाउडवर आहे, तेवढं पुरे का?

वनड्राइव्ह आणि गूगल ड्राइव्ह सिंक करतात, म्हणजे इथे पुसलं की तिथेही पुसलं जाऊ शकतं. शिवाय सगळं वर गेलंय असं आपण धरून चालतो आणि जागा संपल्यामुळे सहा महिन्यांपूर्वीच सिंक थांबलेलं असतं. दुसऱ्या मशीनवरून किंवा मोबाइलच्या ब्राउझरमधून लॉगिन करून फाइल्स दिसतात का ते बघा. पासवर्ड आणि ओटीपीचा फोन हाताशी आहे का, तेही. आयुष्यभराचे फोटो असतील तर एका क्लाउडवर थांबू नका: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. मुलगा अमेरिकेत असेल तर एक डिस्क त्याच्याकडे जाऊ द्या.

डिस्कची तब्येत कशी बघायची?

प्रत्येक डिस्क स्वतःची नोंदवही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम ती वाचून दाखवतो, लिनक्सवर डिस्क्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये तीच माहिती मिळते. फिरत्या हार्ड डिस्कच्या बाबतीत मी तीन ओळी बघतो: ५ क्रमांकाची, म्हणजे खराब झालेले आणि बदली जागा दिलेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणुकीचे छोटे कप्पे), १९७, म्हणजे वाचता न येणारे, निर्णय बाकी असलेले सेक्टर, आणि १९८, म्हणजे दुरुस्त न होणारे. काही प्रोग्रॅम हे क्रमांक वेगळ्या पद्धतीने लिहितात, ओळीचं नावही वाचा. तिन्ही शून्य असतील तर निर्धास्त पुढे जा. १९७ मध्ये आकडा दिसला आणि तो दोन दिवसांत वाढला, तर त्या डिस्कवर नवी सिस्टिम टाकण्यात अर्थ नाही. एसएसडी (आत काही न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर उरलेलं आयुष्य टक्क्यांत दिसतं.

डिस्कमधून टक-टक असा ठोका येत असेल तर मशीन बंद करा. तपासण्याही चालवू नका, फॉरमॅट तर नाहीच. डेटा महत्त्वाचा असेल तर तो काढणाऱ्या तज्ज्ञाकडे ती डिस्क तशीच न्या. बंद-चालू करून बघण्यात तिचं उरलेलं आयुष्य संपतं.

आणि मशीन फक्त ‘स्लो झालंय’ म्हणून नवी विंडोज टाकत असाल, तर आत फिरती हार्ड डिस्क आहे का ते आधी बघा. तिच्या जागी एसएसडी घातली तर फरक कुठल्याही फॉरमॅटने पडणार नाही इतका पडतो. तपकीर गल्लीत किंवा कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात साटा-टू-यूएसबी केबल मिळते. जुनी डिस्क तिला लावून ठेवली की तोच तुमचा बॅकअप, काही न पुसता.

बिटलॉकरची रिकव्हरी की मागतोय. हे काय आहे?

डिस्कला कुलूप लावलेलं आहे आणि किल्ली मागितली जाते आहे. अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करताच डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, मालकाला पत्ताही नसतो. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) काही बदललं किंवा डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की ४८ अंकी की मागितली जाते. ती नसेल तर कोणताही इंजिनिअर, कितीही पैसे घेऊन, तो डेटा वाचू शकत नाही. कुणी ‘करून देतो’ म्हणाला तर डिस्क त्याच्या हातात देऊ नका.

बायोसला हात लावण्याआधी सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर चालू आहे का बघा. चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यावर जाऊन की उतरवून घ्या, कागदावर. त्याच लॅपटॉपमध्ये साठवलेली की उपयोगाची नाही. लिनक्स शेजारी टाकायचं असेल तर एन्क्रिप्शन आधी बंद करा आणि डिक्रिप्शन शंभर टक्के पूर्ण होईपर्यंत थांबा.

एमबीआर की जीपीटी?

हे डिस्कच्या सुरुवातीला लिहिलेले पार्टिशनचे नकाशे आहेत. एमबीआर १९८३ सालचा, डॉसच्या काळातला. त्यात चारच मुख्य पार्टिशन बसतात आणि ५१२ बाइटच्या सेक्टरवर तो साधारण २ टीबीच्या पुढे मोजू शकत नाही. ४ टीबीची डिस्क आणून अर्धीच दिसते अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हेच. जीपीटी नवा आहे. विंडोज त्यात १२८ पार्टिशन देते, आणि तो नकाशाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवतो.

मशीन यूईएफआय पद्धतीने, म्हणजे बायोसच्या नव्या पद्धतीने, बूट होत असेल तर जीपीटीच घ्या. विंडोज ११ ला यूईएफआय लागतंच. इन्स्टॉलर ‘या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही, तिच्यावर एमबीआर टेबल आहे’ अशा अर्थाचा संदेश देतो तेव्हा लोक घाबरतात आणि बायोस लेगसी (जुन्या पद्धतीवर) करून टाकतात. तसं करू नका. बॅकअप असेल तर डिस्क साफ करून जीपीटी करा. आतली विंडोज टिकवायची असेल तर एमबीआर-टू-जीपीटी नावाचं मायक्रोसॉफ्टचंच साधन विंडोज १० पासून आलेलं आहे, ते डेटा न पुसता नकाशा बदलतं. तरीही बॅकअपशिवाय मी ते चालवत नाही.

मशीनमध्ये दोन डिस्क आहेत. कोणती पुसायची हे कसं ओळखायचं?

ओळखायच्या भानगडीत पडू नका. जी पुसायची नाही ती केबल काढून बाजूला ठेवा.

हे मी इतकं ठामपणे का सांगतो ते सांगतो. कोथरूडच्या एका काकूंच्या मशीनमध्ये १ टीबीच्या दोन डिस्क होत्या, एकाच कंपनीच्या. एकीवर विंडोज, दुसरीवर त्यांच्या दिवंगत यजमानांनी काढलेले फोटो. इन्स्टॉलरमध्ये दोन्हींसमोर सारखाच आकडा दिसत होता. डिस्क ० म्हणजे विंडोजची असं मी धरून चाललो, कारण बहुतेक वेळा तसंच असतं. क्रमांक मात्र डिस्क मदरबोर्डला कुठे जोडली आहे आणि बूटच्या वेळी कोणती आधी सापडली यावर ठरतो, विंडोज कुठे आहे यावर नाही. मी फोटोंच्या डिस्कवरची पार्टिशन काढली आणि तिच्यावर इन्स्टॉलेशन सुरू केलं. दोन मिनिटांनी लक्षात आलं आणि मशीनची वायर ओढली.

ती फिरती डिस्क होती म्हणून बरेचसे फोटो रिकव्हरीच्या प्रोग्रॅमने परत मिळाले. पण नावं गेली. ‘महाबळेश्वर २००९’, ‘बाबांची पंच्याहत्तरी’ अशी त्यांनी स्वतः केलेली फोल्डर नाहीशी झाली आणि हाती आले ते नुसत्या क्रमांकांचे हजारो फोटो. काकू मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. पुढे कितीतरी महिने त्या रोज दुपारी बसून एकेक फोटो उघडून, आठवून, परत फोल्डर लावत होत्या. तेव्हापासून मी दुसरी डिस्क जोडलेली असताना इन्स्टॉलर सुरू करत नाही. डेस्कटॉपमध्ये साटाची केबल काढायला एक मिनिट लागतं. लॅपटॉपमध्ये दुसरी डिस्क काढता येत नसेल तर निदान बायोसमधून ती बंद करता येते का बघा. तेही नसेल तर आधी काढलेला डिस्क मॅनेजमेंटचा फोटो समोर ठेवून प्रत्येक पार्टिशनचा आकार जुळवा, आणि पुसायच्या डिस्कवरच्या पार्टिशनचा आकार मोठ्याने वाचून मगच बटण दाबा.

बाहेरची हार्ड डिस्क, कार्ड रीडरमधलं कार्ड, दुसरा पेनड्राइव्ह, हेही सगळं काढा. जोडलेला फक्त इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह हवा.

पार्टिशन किती पाडायची?

विंडोजसाठी डिस्क रिकामी करायचीच असेल तर इन्स्टॉलरमध्ये त्या डिस्कवरची सगळी पार्टिशन डिलीट करा आणि उरलेली अनॲलोकेटेड जागा निवडून नेक्स्ट म्हणा. ईएफआयचं, १६ एमबीचं राखीव आणि रिकव्हरीचं पार्टिशन विंडोज स्वतः पाडून घेते. छोटी पार्टिशन अनावश्यक समजून नंतर पुसू नका, ईएफआयचं पार्टिशन गेलं की मशीन बूट होत नाही.

सी, डी, ई, एफ अशी चार पाडायची आपल्याकडे सवय आहे. २५६ जीबीच्या एसएसडीवर ते करू नका, सी भरतो आणि ई रिकामा राहतो. माझ्या मते ५०० जीबीपर्यंत एकच ठेवावं. १ टीबी असेल तर सी ला २०० ते २५० जीबी आणि बाकी डेटाला, हे सोयीचं पडतं, पण त्याचा फायदा एवढाच की पुढच्या वेळी सी एकटा पुसता येतो.

५०० जीबीची डिस्क घेतली, दिसते ४६५. फसवलं का?

नाही. डिस्क बनवणारे जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. त्या हिशेबाने ५०० चे ४६५ आणि १ टीबीचे ९३१ होतात.

क्विक फॉरमॅट की पूर्ण?

चांगल्या डिस्कवर नवी सिस्टिम टाकायला क्विक पुरतो. तो फक्त अनुक्रमणिका नवी करतो, पानं तशीच राहतात. पूर्ण फॉरमॅट विंडोज व्हिस्टापासून सगळ्या जागेवर शून्य लिहितो आणि खराब सेक्टरही शोधतो. फिरत्या डिस्कवर शंका असेल तर रात्रभर लावून ठेवा. एसएसडीवर त्याची गरज नाही, उगाच लिखाण वाढतं.

डिस्कपार्ट या विंडोजच्या आज्ञा टाइप करायच्या साधनातल्या ‘क्लीन’ या आज्ञेबद्दल: ती पार्टिशनचा नकाशा क्षणात उडवते आणि ‘नक्की का’ असं विचारतही नाही. आधी ‘लिस्ट डिस्क’, मग ‘सिलेक्ट डिस्क’, मग परत ‘लिस्ट डिस्क’ करून निवडलेल्या डिस्कपुढे फुली (*) आली आहे का बघा. त्याशिवाय क्लीन टाइप करू नका.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायचं आहे. जागा कशी करायची?

विंडोजमधूनच. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी वर राइट क्लिक करून श्रिंक व्हॉल्यूम निवडा. सुटलेली जागा तशीच रिकामी सोडा, तिथे पार्टिशन लिनक्सचा इन्स्टॉलर पाडेल. लिनक्स मिंट किमान २० जीबी मागतं आणि १०० जीबी सुचवतं. मी ६० च्या खाली जात नाही.

सी मध्ये २०० जीबी रिकामे असून श्रिंक फक्त १५ देतो, असं होतं. हायबरनेशनची फाइल, पेज फाइल, रिस्टोर पॉइंट अशा काही फाइल्स मध्येच बसलेल्या असतात आणि चालू विंडोजला त्या हलवता येत नाहीत. त्या तात्पुरत्या बंद करा, मशीन रीस्टार्ट करा, परत बघा. बहुतेक वेळा जागा सुटते.

फास्ट स्टार्टअप मात्र कायमचं बंद करा. ते चालू असलं की शट डाउन केल्यावर विंडोज खरी बंद होत नाही, अर्धवट झोपते, आणि लिनक्स त्या पार्टिशनवर लिहायला नकार देतं. जबरदस्ती केली तर फाइल्स बिघडतात. दोन्ही सिस्टिम नव्याने टाकत असाल तर विंडोज आधी, लिनक्स नंतर.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही.

इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर बायोसमध्ये व्हीएमडी नावाची डिस्क हाताळण्याची सोय चालू असते. तिचा ड्रायव्हर विंडोजच्या इन्स्टॉलरकडे नसला की यादी कोरी दिसते. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर ठेवा आणि लोड ड्रायव्हर म्हणा. व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते, पण आतली जुनी विंडोज मग बूट होत नाही. ती पुसायचीच असेल तरच हा मार्ग. डेस्कटॉपमध्ये डिस्क बायोसलाही दिसत नसेल तर आधी केबल दाबून बघा. पावसाळ्यानंतर अशी मशीन जास्त येतात.

विंडोज १० चं काय करू? मशीन जुनं आहे.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नाव नोंदवलेल्यांना घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि यादीतला प्रोसेसर लागतो. यात न बसणारं मशीन भंगारात काढू नका. मेल, बँकेचं काम, यूट्यूब, पत्रं टाइप करणं यासाठी लिनक्स मिंट त्यावर छान चालतं, मराठी इनस्क्रिप्टही मिळतो. टॅली किंवा जुन्या डीटीपीसाठी मात्र विंडोजच हवी, तिथे आग्रह धरू नये.

काम कधी करायला घ्यावं?

गुरुवारी नको. देखभालीसाठी वीज जाण्याचा हा वार पुणेकरांना सांगायला नको. पार्टिशन लहान-मोठं होत असताना किंवा नकाशा बदलत असताना वीज गेली तर डेटा अर्धवट सरकलेला राहतो. डेस्कटॉपला यूपीएस असेल तरच हात घाला, लॅपटॉपची बॅटरी भरलेली असून चार्जरही लावलेला हवा. आणि जीएसटीच्या २० तारखेच्या आदल्या दिवशी कुणाच्याही ऑफिसचं मशीन पुसू नये.

चुकून फॉरमॅट झालंच तर?

थांबा. त्या डिस्कवर आणखी काहीही लिहू नका, रिकव्हरीचा प्रोग्रॅमसुद्धा तिच्यावर टाकू नका. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावा. पार्टिशन गेलं असेल तर टेस्टडिस्क, फाइल्स गेल्या असतील तर फोटोरेक, दोन्ही मोफत आहेत. मिळालेल्या फाइल्स तिसऱ्या डिस्कवर साठवा. एसएसडी असेल तर आशा कमी, कारण फॉरमॅट होताच ट्रिम ही सोय ‘या जागा आता रिकाम्या’ असं एसएसडीला कळवते आणि ती त्या खरंच साफ करून टाकते.

जुनी डिस्क विकायची किंवा कुणाला द्यायची आहे.

क्विक फॉरमॅट करून देऊ नका, वरचा सगळा परिच्छेद मग घेणाऱ्याच्या कामाला येईल. फिरती डिस्क असेल तर डिस्कपार्टची ‘क्लीन ऑल’ ही आज्ञा सगळीकडे शून्य लिहिते, १ टीबीला काही तास लागतात. एसएसडीसाठी बनवणाऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅममधलं किंवा बायोसमधलं सिक्युअर इरेज वापरा. बंद पडलेली डिस्क भंगारवाल्याला देण्याआधी तिच्या चकत्यांना ड्रिलने आरपार भोकं पाडा. आधार-पॅनचे स्कॅन प्रत्येक घराच्या डिस्कवर असतात.

नवी सिस्टिम नीट चालतेय. आता बॅकअप पुसू का?

महिनाभर तरी नको. राहिलेली गोष्ट पहिल्या दिवशी आठवत नाही. स्कॅनर पहिल्यांदा लागतो तेव्हा त्याची सेटिंग आठवतात, डिजिटल सहीचा टोकन रिटर्न भरताना, आणि सोसायटीची जुनी इतिवृत्तं सर्वसाधारण सभेच्या आदल्या रात्री. मी बॅकअपच्या डिस्कला चिकटपट्टी लावतो, तिच्यावर तारीख आणि ‘पुसू नये’ असं लिहितो आणि ती मालकांच्याच कपाटात ठेवायला देतो.